आयलेनबर्गांकडचे देव

दिवाळीच्या आधी देव उजळायला बसलं की हात अडकलेले असतात, त्यामुळे समोर जो कोणी बसेल त्याचं ऐकून घ्यावं लागतं. यंदा भाचा बसला. तो पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत गणित करतो, म्हणजे नक्की काय करतो ते घरात कुणालाच माहीत नाही, लग्नकार्यात कुणी विचारलं की आम्ही "रिसर्च" म्हणून मोकळे होतो.

मी चिंचेनं बाळकृष्ण घासतेय आणि हा मला कॅटेगरी थिअरी नावाची गणिताची शाखा सांगतोय. १९४५ साली आयलेनबर्ग आणि मॅकलेन या दोघांनी पेपर लिहून ती सुरू केली, तर तिच्यात म्हणे वस्तूच्या आत डोकवायचंच नाही, तिच्याकडे कुठून बाण, म्हणजे दुसऱ्या वस्तूंशी असलेली नाती, येतात आणि तिच्यातून कुठे जातात एवढंच बघायचं, आणि योनेडा नावाचे एक जपानी गणिती होते त्यांचा लेमा, म्हणजे छोटं प्रमेय, असा की सगळे बाण कळले की वस्तू कळलीच. "मावशी, हे फार डीप आहे हां."

म्हणलं, डीप कसलं, ही तर आमची आजी! सदाशिव पेठेतल्या वाड्यात नवी बाई आली की ती नाव विचारायचीच नाही, "कुणाची गं तू?" मग माहेर कुठलं, मावशी कुठे दिलीये, दोन-तीन धागे जुळले की मगच चहाचं आधण. समोरच्या काकूंचं नाव कमल आहे हे तिला तीस वर्षांनी रेशनकार्डावरून कळलं, तरी शेवटपर्यंत त्या "लेल्यांची मधली सून"च.

"योनेडा त्याहून कडक आहेत," भाचा म्हणाला, "दोन-तीन धाग्यांवर चहा नाही मिळत, सगळेच लागतात."

पण त्या आयलेनबर्गांचं पुढचं ऐकून मात्र माझा हात थांबला. हे वॉर्साचे, ज्यू, १९३९ मध्ये वडिलांनी आग्रह केला म्हणून वेळेत अमेरिकेला निघाले, कोलंबिया विद्यापीठात प्रोफेसर झाले, आणि १९५० च्या दशकात भारतात येणं झालं तेव्हा यांना मूर्तींचा नाद लागला. छोट्या छोट्या धातूच्या मूर्ती, भारतातल्या, इंडोनेशियातल्या. आमच्या बाजीराव रोडच्या संग्रहालयवाल्या दिनकर केळकरांचीच जात, फक्त केळकर दिवे न् अडकित्तेही सोडायचे नाहीत. १९८७ मध्ये आयलेनबर्गांनी चारशेच्या वर वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिल्या आणि म्युझियमनं कोलंबियात गणिताच्या प्राध्यापकपदासाठी पैसे उभे करायला मदत केली, म्हणजे देव देऊन मास्तर आणला. दिवसभर आत बघू नका म्हणायचं आणि घरी आल्यावर मूर्ती हातात घेऊन न्याहाळत बसायचं, मला तो माणूस एकदम आवडूनच गेला.

आमचा बाळकृष्ण बोटभर, रांगता, रोज पुसून पुसून नाक पार सपाट झालेलं. भाच्यानं विचारलं किती जुना. मला काय माहीत? आजीच्या लग्नात अन्नपूर्णेबरोबर तिच्या माहेरून आला, आजीनं आईला दिला, आईनं मला.

"म्युझियमवाले पाटीवर काय लिहितात रे?"

त्यानं मोबाईलवर शोधून दाखवलं. मूर्ती कुठली, कुठल्या शतकातली, आणि खाली सॅम्युअल आयलेनबर्ग कलेक्शन. म्हणजे आयलेनबर्गांकडची. आजीला हे पटलं असतं, पण तिनं लगेच पुढचं विचारलं असतं, आणि मग मीच विचारलं, "त्यांच्याकडे कुणाकडून आली?"

भाचा अजून खाली स्क्रोल करतोय.