तुम्ही विचारलंत म्हणून : समोरचं जग खरं आहे का?

हा प्रश्न मला दोन सुरांत विचारला जातो. एक सूर लग्नाच्या पंगतीतला: "मॅडम, मग तुमच्या मते हे ताट खरं आहे की नाही?" दुसरा प्रवचनाहून परतणाऱ्यांचा: "शेवटी सगळी मायाच ना?" पहिल्यांना वाटतं, मी वर्षानुवर्षं एक वेडगळ शंका मुलांच्या डोक्यात भरत आले. दुसऱ्यांना वाटतं, मी त्यांच्याच बाजूची. दोघांनाही मी आजवर चार वाक्यांत वाटेला लावलं. पण आईबद्दल नातेवाइकांत कळल्यापासून तिसरा, दबका सूर कानावर येतो: "त्यांना जे दिसतं, त्याला तुमच्या तत्त्वज्ञानात काय म्हणतात?" तिघांनाही आता एकदाच काय ते सविस्तर सांगते.

ताटाचं आधी. 1763 साली इंग्रज कोशकार डॉ. जॉन्सनने एका दगडाला जोरात लाथ मारली आणि जडद्रव्य नाकारणाऱ्या बर्कली या तत्त्वज्ञाचं खंडन केल्याचं जाहीर केलं. पंगतीतले लोक नकळत तेच करतात. पण दगड नाही असं बर्कली म्हणालाच नव्हता. दगडाचा कठीणपणा, पायाला बसलेला ठोसा, उठलेली कळ हे सगळं त्याला मान्यच होतं. या अनुभवांच्या पलीकडे, कोणाच्याही जाणिवेत नसलेलं 'जडद्रव्य' मानायचं कारण काय, एवढंच त्याने 1710 मध्ये विचारलं. लाथेने त्याचं उत्तर मिळत नाही. प्रश्न ताट आहे की नाही हा नाहीच. ताट दिसतं तेव्हा मला ताटच भेटतं, की ताटाच्या निमित्ताने मनात उमटलेलं काहीतरी भेटतं, हा आहे. आणि दुसरं खरं असेल, तर त्या 'काहीतरी'वरून ताटापर्यंत पोहोचायचं कसं? बाहेरच्या वस्तूंचं अस्तित्व नुसतं विश्वासावर धरावं लागतं ही तत्त्वज्ञानाची बदनामी आहे, असं जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1787 मध्ये लिहिलं. 1939 मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ मूरने ब्रिटिश अकादमीतल्या व्याख्यानात आपले दोन्ही हात वर केले, 'हा एक हात, हा दुसरा' म्हणाला आणि बाह्य जग सिद्ध झाल्याचं सांगितलं. त्या दोन हातांवर अजून वाद चालू आहे. वेडगळ माणसं इतकी वर्षं एका शंकेला धरून राहत नाहीत.

मायावाल्यांशी बोलताना मला जास्त त्रास होतो, कारण ते ज्यांचं नाव घेतात त्या शंकराचार्यांचं भाष्य त्यांनी उघडलेलं नसतं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादात, आचार्य विज्ञानवादी बौद्धांशी, म्हणजे बाहेर काही नाही, सगळं मनातलं ज्ञानच असं मानणाऱ्यांशी, भांडतात ते नेमकं बाहेरच्या वस्तूंच्या बाजूने. खांब, भिंत, घडा, कापड दिसतं तेव्हा कोणी स्वतःच्या ज्ञानाकडे बघत नसतो, खांबाकडे आणि भिंतीकडेच बघत असतो, असं ते म्हणतात. विज्ञानवादी म्हणतो, आतलंच रूप 'बाहेर असल्यासारखं' भासतं. त्यावर आचार्यांचा सवाल असा की, बाहेर मुळात काही नसेलच तर 'बाहेर असल्यासारखं' म्हणता तरी कसं येईल? विष्णुमित्र वांझेच्या मुलासारखा दिसतो, असं कोणी म्हणतं का? लगेच पुढच्या सूत्रावर ते बजावतात की जागेपणीचा अनुभव स्वप्नासारखा नसतो. ब्रह्मज्ञानानंतर जगाचं काय होतं ही त्यांची वेगळी गोष्ट आहे. पण रिकाम्या अंगणात साप दिसणं आणि अंगणात दोरी दिसणं या दोन गोष्टी त्यांनी एका पारड्यात कधीच टाकल्या नाहीत. आपल्याच खानदेशात, अमळनेरला, प्रतापशेठांनी 1916 साली तत्त्वज्ञानाचं केंद्र उभं केलं. तिथून 1933 मध्ये मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी 'अज्ञान' नावाचा ग्रंथ काढला. भ्रमात दिसणाऱ्या वस्तूला अस्तित्व आहे की नाही, यावर तिघं त्यात एकमेकांशी झुंजतात. 'सगळी माया' म्हणून ताटावरून उठून जाण्याइतका हा विषय स्वस्त कधीच नव्हता.

आता माझं. एम.ए.च्या वर्षांत मी वसुबंधू या विज्ञानवादी बौद्ध आचार्याच्या बाजूची होते, आणि मनापासून होते. त्याच्या 'विंशतिके'चा पहिलाच श्लोक सांगतो की हे सारं केवळ विज्ञप्ती, म्हणजे मनातली जाणीव, आहे, नसलेल्या वस्तू भासतात. जसे तिमिराचा डोळ्यांचा विकार झालेल्याला नसलेले केस आणि जादा चंद्र दिसतात. आक्षेप तो स्वतःच घेतो: मग वस्तू ठरावीक जागी, ठरावीक वेळीच का दिसते? एकट्यालाच न दिसता सगळ्यांना का दिसते? तिच्याने काम कसं होतं? आणि उत्तरंही देतो. स्वप्नातही जागा आणि वेळ ठरलेली असते, प्रेतयोनीतल्या सगळ्यांना मिळून पुवाची नदी दिसते. त्या वयात मला हे अभेद्य वाटलं. बाकीचे सगळे भित्रे, हाच एक शेवटपर्यंत जाणारा, असं मी वहीत लिहून ठेवलंय. त्या मुलीशी माझं भांडण अजून संपलेलं नाही. ती मूर्ख नव्हती. तिने तिमिर झालेलं माणूस पाहिलं नव्हतं, इतकंच.

आईच्या दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर बसलेल्याचे खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी काळपट डाग. तुम्हाला ठाऊक नाही ते असं, की त्यानंतर ती साडी बदलायला बाथरूममध्ये जाऊ लागली. स्वतःच्या खोलीचं दार लावलेलं असलं तरी. बाथरूममध्ये ओलं असतं, घसरशील, म्हणून दादा चिडायचा. ती गप्प. मग एकदा मी एकटीच असताना हळूच म्हणाली, "आपल्याकडे कोणी राहायला आलंय का गं?"

खिडकीशी तीन मुली उभ्या असायच्या. परकर-पोलक्यातल्या, वेण्यांना रिबिनी. हसायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, खोलीत नुसत्या असायच्या. त्यांच्यासमोर साडी कशी सोडायची, हा तिचा प्रश्न होता. कधी भिंतभर जाळीची नक्षी चढायची. हे सगळं तिने कित्येक महिने पोटात ठेवलं होतं, कारण सांगितलं तर वेड लागलं म्हणतील. आणि तसंच झालं. दादाने तिला शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांबद्दल एक प्रश्न न विचारता मनाच्या आजाराच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची, हातातला कप कलंडायचा. मुली तशाच खिडकीशी. शेजारून देवऋषीचा पत्ता आला. रात्री फोनवर आई मला म्हणाली, "मला त्यांची भीती वाटत नाही. तुमची वाटते."

अखेर डोळ्यांच्या पडद्याच्या एका डॉक्टरबाईंनी तिला सरळच विचारलं, "आजी, माणसं दिसतात का? नटलेली, न बोलणारी?" आई तिथेच खुर्चीत रडली. आपण पहिल्या नाही, हे तिला तेव्हा कळलं. जिनिव्हाच्या शार्ल बॉने या निसर्गशास्त्रज्ञाने 1760 साली आपल्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवलंय. मोतीबिंदूने दृष्टी गेलेली, बुद्धी शाबूत, आणि डोळ्यांपुढे माणसं, पक्षी, इमारती. डोळ्याकडून येणारी खबर कमी झाली की मेंदूचा बघण्याचा भाग स्वतःच चित्रं उभी करतो. त्या आजाराला आज बॉनेचंच नाव आहे.

घरी आल्यावर मी तिला विचारलं. मुलगी म्हणून नाही, शिक्षिका म्हणून विचारलं, हे कबूल करते. मला राहवलं नाही. त्या खऱ्या नाहीत हे तुला आधीच कळलं होतं का? कशावरून?

"त्यांच्या परकराचा काठ मला दिसतो," ती म्हणाली. "काठावरची वेल दिसते. तुझं तोंड मला दिसत नाही. मग खोट्या कोण ते कळतंच की."

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने 1739 मध्ये इंद्रियांतून येणारे ठसे आणि मनातल्या कल्पना यांचा फरक जोम आणि टवटवी यांवर ठरवला. मी ते शिकवलं, परीक्षेला विचारलं. आईने ते एका वाक्यात उलटं केलं. तिच्या जगात जे स्पष्ट ते खोटं, जे अंधुक ते खरं. तिची कसोटी आतल्या चित्राच्या गुणवत्तेची नव्हतीच. खरं माणूस बोलतं, त्याचा धक्का लागतो, ते दुसऱ्यालाही दिसतं. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, याला प्रवृत्तीचं साफल्य म्हणतात: तहानलेला पाण्याकडे गेला आणि तहान भागली, तर ते ज्ञान खरं. बिमल कृष्ण मतिलाल यांनी 1986 च्या ग्रंथात न्यायदर्शनाच्या या वास्तववादाची बाजू आजच्या भाषेत मांडली. मी तो ग्रंथ पूर्वी प्रतिपक्ष म्हणून वाचला होता. आईच्या खोलीत बसून पुन्हा वाचला.

माझ्यातली ती एम.ए.ची मुलगी इथे सोडत नाही. ती म्हणते, 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूची चित्रं घेतली. रंगीत भास होत असताना मेंदूतला रंग बघणाराच भाग जागा होता. म्हणजे खरी मुलगी दिसताना आत जे घडतं तेच खोटी दिसतानाही घडतं. मग दोन्ही वेळा भेटतं ते आतलंच. तिचा हा मुद्दा मला अजूनही जड जातो. पण त्यात एक उडी आहे. मेंदूत सारखं घडलं म्हणून भेटलेली वस्तू सारखी ठरत नाही. हिंटन आणि नंतर मॅकडॉवेल या तत्त्वज्ञांनी हेच धरून ठेवलं: एकतर वस्तू दिसते, नाहीतर दिसल्याचा भास होतो, दोन्हींत समान असा एखादा आतला पडदा मानायची सक्ती नाही. आईला मी दिसते तेव्हा मीच दिसते, अर्धी आणि डागाळलेली, पण मीच. हे मी आज मानते. भावनेपोटी मानते असं कोणी म्हणालं, तर त्याने आधी ती उडी भरून दाखवावी.

न्यायदर्शनाने मात्र माझं सगळंच भागत नाही. त्याच्या मते भ्रमात पूर्वी दुसरीकडे पाहिलेलीच वस्तू समोरच्या वस्तूवर दिसते. शिंपल्यावर चांदी दिसते तेव्हा शिंपला तरी समोर असतो, आणि चांदी पूर्वी दुकानात पाहिलेली असते. खिडकीशी कोणता शिंपला आहे? परकर आईने नेसले, शिवले, पण त्या तिघींपैकी एकीचाही चेहरा ओळखीचा नाही असं ती शपथेवर सांगते. तुकडे पूर्वी पाहिलेले, जुळणी नवी, असं नैयायिकाच्या वतीने मी म्हणते. ते म्हणताना माझा आवाज खाली येतो.

आणि आणखी एक आहे. आईने नियम केला: बोलल्याशिवाय खरं धरायचं नाही. मी एकदा रात्रीच्या गाडीने आले, सकाळी तिच्या दारात उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे भिंतीकडे तोंड फिरवलं. मी "आई" म्हटल्यावर तिने हात पुढे केला आणि मनगटापासून कोपरापर्यंत मला चाचपून पाहिलं. ते मी विसरू शकत नाही. त्यानंतर गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला मुलगा दारात बराच वेळ निमूट उभा होता, तिने त्यालाही त्या मुलींत जमा केलं. म्हणजे मी दिसत होते, तोही दिसत होता. माझ्या सिद्धांताप्रमाणे आम्हीच तिला प्रत्यक्ष भेटलो होतो. पण ते भेटणं तिच्या हाती लागलं नाही. एम.ए.ची मुलगी विचारते, आतून जो फरक कळत नाही, तो असून आईला काय मिळालं? मी म्हणते, न कळलेला फरक हाही फरकच असतो. ती म्हणते, हे बाहेर उभ्या असलेल्याने म्हणायचं वाक्य आहे. खोलीत बसलेली आई होती. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि ते तयार होईपर्यंत मी त्या मुलीची वही फाडणार नाही.