ग्रेप की ग्रेप्स?

इंग्रजी जोडशब्दात पहिला शब्द एकवचनी का आणि ते शब्द जोडून लिहायचे की तोडून, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर दुकानात हा विषय मी आपणहून काढत नाही. नाशिकला रविवार कारंजाजवळ माझं डीटीपीचं काम चालतं. द्राक्षांचा हंगाम जवळ आला की व्हिजिटिंग कार्डं आणि खोक्यांची लेबलं छापायला लोक येतात, आणि प्रश्न ठरलेला: ‘ग्रेप एक्स्पोर्टर’ की ‘ग्रेप्स एक्स्पोर्टर’?

‘ग्रेप’. पिंपळगाव बसवंतचे एक बागाईतदार यावर तडकले होते. “काय राव, आमच्याकडं एकच द्राक्ष पिकतं का?”

“दादा, मराठीत काय छापू?”

“द्राक्ष निर्यातदार.”

“मग ‘द्राक्षं निर्यातदार’ का नको?”

ते गप्प झाले, मग हसले. जोडशब्दातला पहिला शब्द माल कसला ते सांगतो, किती ते सांगत नाही. बुकशॉपमध्ये हजार पुस्तकं असली तरी ते बुक्सशॉप होत नाही. आपल्या कांदाचाळीत तरी कुठे एकच कांदा असतो? (कांदेपोह्यांचं मात्र मला विचारू नका. घोडागाडी आणि घोडेस्वार यांचंही नको.)

गंमत म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांना हे कुणी शिकवावं लागत नाही. १९८५ साली मानसशास्त्रज्ञ पीटर गॉर्डन यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांकडून असे शब्द बनवून घेतले. पुष्कळ उंदरांना ‘रॅट्स’ म्हणणारी पोरं ते खाणाऱ्याला ‘रॅट-ईटर’ म्हणाली. पण ‘माउस’चं अनेकवचन ‘माइस’ म्हणणाऱ्यांनी ‘माइस-ईटर’ बिनधास्त म्हटलं. म्हणजे खटकतो तो शेपटीचा ‘एस’, अनेकवचन नव्हे.

दोन शब्द जोडून लिहायचे, तोडून लिहायचे की मधे आडवी रेघ द्यायची, याला नियम शोधत बसू नका. डिक्शनरी उघडा.

आता माझी फजिती. नियम हाती लागल्याच्या तोऱ्यात मी एका पतसंस्थेच्या पासबुकाच्या कव्हरावरच्या ‘सेव्हिंग्ज अकाउंट’मधला ‘एस’ न विचारता उडवला. पाचशे कव्हरं छापून झाली आणि मॅनेजरसाहेबांनी सगळी परत पाठवली. बरोबर त्यांचंच होतं. सेव्हिंग म्हणजे बचत करणं, साठलेला पैसा म्हणजे सेव्हिंग्ज. तिथे ‘एस’ काढला की अर्थच बदलतो. ‘कस्टम’ म्हणजे रीत आणि ‘कस्टम्स’ म्हणजे आयात-निर्यातीवरचं शुल्क, म्हणून अधिकारी ‘कस्टम्स ऑफिसर’. गुड्स ट्रेनमधून ‘एस’ काढून बघा, मालगाडीची चांगली गाडी होईल!

कव्हरं माझ्या खर्चाने पुन्हा छापली. आधीच्या गठ्ठ्याची मागची बाजू कोरी आहे. दुकानाचा रोजचा हिशेब अजून त्यावरच लिहितो.