टक्क्याची खूण

मे महिन्यातला सोमवार होता, पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत होता आणि नागपूरच्या आयटी पार्कातल्या आमच्या लहानशा कार्यालयात सर्व्हरच्या खोलीतला एसी आदल्या रात्रीच बंद पडला होता. त्या मशीनवर जेंटू हे लिनक्स चालते, म्हणजे बहुतेक पॅकेजेस (सॉफ्टवेअर) सोर्स कोडवरून तिथेच कंपाइल होतात, म्हणजे बांधली जातात. आणि सुरक्षेचे दोन अपडेट्स त्याच दिवशी चढवणे भाग होते.

नेहमीच्या सवयीने मी इमर्जला, म्हणजे जेंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेला, अपडेट, डीप (पॅकेजला लागणाऱ्या लायब्रऱ्या खोलवर तपासणारा) आणि न्यूयूज (फ्लॅग बदललेली पॅकेजेस पुन्हा बांधणारा) हे पर्याय दिले आणि प्रिटेंड लावून आधी नुसती यादी पाहिली. ८७ पॅकेजेस! ओपनसीव्ही, सायपाय, बूस्ट अशी प्रोसेसरला घाम फोडणारी सगळी मंडळी तीत होती आणि बहुतेकांपुढे 'आर' होता, म्हणजे आवृत्ती तीच, बांधणी मात्र नव्याने. कुणीतरी यूज फ्लॅग, म्हणजे पॅकेजमधली एखादी सोय चालू-बंद करणारी खूण, बदलला असणार, अशी माझी खात्री झाली आणि मी अर्धा तास मेक-कॉन्फ ही सेटिंग्जची फाइल जुन्या प्रतीशी ताडून पाहण्यात घालवला. एका अक्षराचाही फरक निघाला नाही.

"सर, पायथन ३.१३ च्या फ्लॅगपुढे सगळीकडे टक्क्याची खूण आहे, पण स्टार कुठेच नाही," नुकतीच रुजू झालेली सहकारी म्हणाली.

ते मला आधी दिसायला हवे होते. फ्लॅग नव्याने आला किंवा काढला गेला, तर टक्का लागतो. तो बंदचा चालू किंवा चालूचा बंद झाला, तरच स्टार लागतो. आम्ही चार महिने अपडेट केले नव्हते आणि तेवढ्या काळात अनेक पॅकेजेसमध्ये ३.१३ चा फ्लॅग आला होता, जो आमच्याकडे बंदच होता. न्यूयूज एवढ्यावरूनही पुन्हा बांधणी मागतो; चेंज्ड-यूज हा दुसरा पर्याय असे न वापरलेले फ्लॅग सोडून देतो. न्यूयूजच्या जागी तो लावताच यादी ३१ वर आली.

तिने उत्साहाने डीपही काढून पाहिले. यादी आणखी आखडली खरी, पण त्यात सुरक्षेचा एक अपडेटच गळाला, कारण ती लायब्ररी वर्ल्ड फाइलमधल्या (आम्ही स्वतः मागून बसवलेल्या) पॅकेजेसपासून तीन-चार पायऱ्या खाली होती. डीप परत आले. उरलेल्या ३१ पैकी ९ जणांना आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या नव्या सबस्लॉटमुळे (लायब्ररीची जोडणी बदलल्याची खूण) पुन्हा बांधणे आवश्यक होते; ती अटही डावलणारा पर्याय आहे, पण जुन्या लायब्ररीला जोडलेले प्रोग्रॅम तसेच ठेवण्याची माझी तयारी नव्हती.

खोलीचे दार उघडे टाकून, टेबलफॅन लावून, जॉब्स (एका वेळी चालणारी कामे) दोनवर आणून काम संध्याकाळी साडेसहाला संपले. वगळलेल्या ५६ पॅकेजेसना आम्ही हात लावला नाही. ३.१३ चालू करू तेव्हा ती स्टारसह यादीत येणारच होती. आज बांधली असती, तर तेव्हा पुन्हा बांधावी लागली असती.