पोत्याएवढंच वजन

2016 चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायला लागलं होतं. त्या दिवसांत एका वसतिगृहाच्या गच्चीवरून सोलरच्या आठ जुन्या बॅटऱ्या खाली उतरवायचं काम माझ्याकडे आलं. दीडशे अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात तसल्या मोठ्या, अ‍ॅसिडसकट एकेक छप्पन्न किलोच्या आसपास. आठ मिळून साडेचार क्विंटल, आणि जिना अरुंद, दोन वळणांचा.

मार्केट यार्डातून दोन हमाल आणले. त्यातले थोरले मामा म्हणाले, "सोयाबीनच्या पोत्याएवढंच तर हाय, सायेब." मी हो म्हटलं आणि केबली सोडवायला बसलो. स्वतःपुरती सगळी काळजी मी घेतली होती. अंगठी-घड्याळ काढलेलं, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळलेली, कारण उघडा पाना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर, म्हणजे केबली जोडायच्या टोकांवर, आडवा पडला तर क्षणात लालभडक होतो. मामांना मात्र काहीच सांगितलं नाही. ते सांगणं माझंच काम होतं.

पोतं पाठीवर बसतं, बॅटरी बसत नाही. ती तिरपी झाली की झाकणांच्या भोकांतून अ‍ॅसिड गळतं. मामांनी सवयीने तिला पाठीवर घेतलं, आणि पहिल्याच वळणावर ओरडले, "पाठ जळायली!"

बॅटरी कशीबशी टेकवली, सदरा फाडून काढला. कुणीतरी खायचा सोडा घेऊन धावलं. तो पायरीवर सांडलेल्या अ‍ॅसिडवर टाकायला लावला. कातडीला पाणीच, भरपूर, वीस मिनिटं तरी. पण पाणी कुठलं? मेसच्या मावशींनी टँकरचं भरून ठेवलेलं टिपाड उघडलं. तांब्यामागून तांब्या ओतत ते संपलं, तेव्हा त्यांनी न विचारता दुसऱ्याचं झाकण काढलं.

डॉक्टरांनी मलम दिलं. पाठ लाल झाली होती, फोड नव्हते.

उरलेल्या बॅटऱ्या दुसऱ्या दिवशी उतरवल्या. हातात रबरी मोजे, बॅटरीखालून दोन जाड दोर, दोघं माणसं. गुडघ्यात वाकायचं, पाठ ताठ, बॅटरी उभीच. जिन्यात खालच्यावर जास्त भार येतो, म्हणून अंगाने दणकट तो खाली. दर वळणाला टेकवायचं. मामा उचलायला नव्हते, पण खाली उभं राहून "हं, उचला" अशी लय तेच देत होते.

संध्याकाळी मावशींसाठी टँकर सांगायला गेलो. नंबर चार दिवसांनंतरचा लागला.