डोंगरावरचा शून्य

ॲरिझोनालाही मॉन्सून आहे म्हटलं की घरचे हसतात. फिनिक्सला वर्षाला पडतो जेमतेम 180 मिलिमीटर, कोकणात तेवढा एखाद्या दिवसात कोसळतो. पण 8 सप्टेंबर 2014 ला इथे त्यातला सुमारे 84 मिलिमीटर एकाच दिवसात पडला आणि इंटरस्टेट 10 हायवेवर गाड्या पाण्यात अडकून पडल्या. भाजलेली जमीन, तिच्याखाली कित्येक ठिकाणी चुनखडीचा कडक थर. पाण्याने मुरायचं कुठे?

माझं काम पर्जन्यमापकांचं. डोंगरावर उभं नळकांडं, वर गाळणी, आत दोन कप्प्यांची इवलीशी बादली. एक मिलिमीटर पाऊस पडला की ती कलंडते आणि रेडिओवरून आमच्याकडे नोंद येते. रडार असताना हे कशाला, असं सगळे विचारतात. अहो, इथे पाऊस बरेचदा वाटेतच आटतो. त्याला व्हर्गा म्हणतात. रडारवर लालभडक, खाली फुफाटा!

जुलैतल्या त्या दुपारी मी एका वॉशवर सेन्सर बदलत होतो. वॉश म्हणजे कोरडा ओढा. पूल वगैरे नाही, रस्ता सरळ पात्रात उतरतो. डोक्यावर 43 अंशांचं ऊन, लांब डोंगरावर काळंकुट्ट. फोनवर बघितलं तर रडार लाल आणि डोंगरावरचा मापक शून्य. रस्ता बंद करा म्हणून ऑफिसला कळवलं.

"मापक शून्य दाखवतोय ना? मग व्हर्गाच," बॉस म्हणाली. "गेल्या आठवड्यात उगाच बंद केला तेव्हा तक्रारींचे फोन मी घेतले होते, तू नाही."

वरच्या अंगाच्या पातळी-सेन्सरने उसळी मारली, तेव्हा कुठे आदेश सुटला. रस्तेवाल्यांनी बॅरिकेड लावलं न लावलं तोच एक पिकअपवाला आला. "कुठाय पाऊस?" म्हणत आकाशाकडे बोट केलं आणि वळसा घालून पात्रात उतरला.

लोंढ्याच्या तोंडाशी पाणी दिसतच नव्हतं. काटक्या, तपकिरी फेस, निवडुंगाचे तुकडे, एक प्लास्टिकची खुर्ची, असा गुडघाभर ढीग माणसाच्या चालीने पुढे सरकत आला. पाणी त्याच्या मागे होतं. पिकअप मधोमध बंद पडली, मग तिरकी झाली. गडी टपावर चढला. त्याला काढायला अग्निशमनवाल्यांना बोलवावं लागलं.

बॅरिकेड ओलांडून अडकलात तर सुटकेचा खर्च 2000 डॉलरपर्यंत तुमच्याकडून वसूल होऊ शकतो, असा कायदा इथे 1995 पासून आहे. लोक त्याला 'मूर्ख चालकांचा कायदा' म्हणतात. हा मला मूर्ख नाही वाटला. काठावर आल्यावर म्हणाला, "गेल्या आठवड्यातही हेच लावलं होतंत. थेंब नव्हता."

ते लावायला मीच सांगितलं होतं. आजही सांगेन.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर गेलो. गाळणीत वाळत आलेल्या चिखलाची टणक चकती, तिच्यावर चार बोटं पाणी. वादळाच्या पुढे धूळ येते. तिने तोंड भरलं आणि पहिल्या थेंबांनी तिचा चिखल केला. आणि मापक ठरावीक तासांनी 'मी चालू आहे' असं कळवतच होता, म्हणून स्क्रीनवर हिरवागार. पाऊस नाही आणि पाऊस मोजता येत नाही, दोन्हींना आमच्याकडे एकच आकडा.

शेजारी दुसरा मापक बसवा, असा प्रस्ताव दिलाय. "आणि त्याच धुळीने दोन्ही तुंबले तर?" बॉसने विचारलं. चिडून विचारलं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. मग रडार बघून रस्ता बंद करायचा, मी म्हटलं, आणि तक्रारींचे फोन माझ्याकडे वळवायचे. प्रस्ताव अजून तिच्याच टेबलावर आहे.