रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येणार आहे

इंटरव्ह्यूचा कॉल आला की बहुतेक जण ‘हमखास विचारले जाणारे 50 प्रश्न’ शोधायला बसतात. ते राहू द्या. आधी जाहिरातीतलं कामाचं वर्णन आणि आपला रेझ्युमे, दोन्हीच्या प्रिंट काढून शेजारीशेजारी ठेवा. वर्णनातल्या प्रत्येक अपेक्षेपुढे आपल्या रेझ्युमेतली कोणती ओळ पुरावा म्हणून चालेल ते लिहा. जिथे काहीच सापडत नाही, तिथे पेन्सिलने गोल करा. समोरचा बोट ठेवणार ते तिथेच. ‘हे मी केलेलं नाही, पण याच्या जवळचं अमुक काम केलंय,’ एवढं तरी तयार हवं.

मग रेझ्युमे ओळीओळीने उकलायचा. समजा, ‘रिपोर्ट बनवण्याचा वेळ कमी केला’ असं लिहिलंय. आधी किती वेळ लागायचा? आता किती? नेमकं काय बदललं? त्यात तुमचा वाटा कोणता? चार प्रश्न, आणि यातल्या दुसऱ्यालाच पुष्कळ जण अडखळतात, कारण ती ओळ छान दिसते म्हणून लिहिलेली असते. तयार उत्तर असं हवं: ‘आठवड्याच्या रिपोर्टला 4 तास जायचे, कारण तीन विभागांच्या एक्सेल फाइल हाताने जोडाव्या लागत आणि तिन्हींत रकान्यांची नावं वेगळी असत. मी आधी सगळ्यांना एकच फॉरमॅट दिला, मग पॉवर क्वेरी, म्हणजे एक्सेलमधलंच फाइल आपोआप जोडणारं साधन, लावली. आता 40 मिनिटं लागतात, त्यातली 25 तपासणीची.’ ती 25 मिनिटंच ऐकणाऱ्याला पटवतात; बनवून सांगणाऱ्याला असला तपशील सुचत नाही.

असे पाच-सहा किस्से पुरतात: एक अडचण सोडवल्याचा, एक सहकाऱ्याशी मतभेदाचा, एक स्वतःच्या हातून झालेल्या चुकीचा, एक कमी वेळात काम उरकल्याचा, एक नवीन काही शिकल्याचा. प्रत्येकी दीड ते दोन मिनिटं. पार्श्वभूमीला दोन वाक्यं, बाकी सगळं तुम्ही काय केलंत त्यावर. नेहमी उलटं होतं: कंपनी, टीम, प्रोजेक्ट समजावण्यातच वेळ संपतो आणि मुद्द्यावर येईपर्यंत समोरचा घड्याळाकडे बघू लागतो. दुसरी खोड ‘आम्ही’ची. नम्रता म्हणून ठीक, पण नोकरी टीमला द्यायची नसते. चुकीच्या किश्श्यात ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे’ हे कृपया नको. खरी चूक सांगा, ती कशी निस्तरली ते सांगा, आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदललं तेही.

उत्तरं पाठ मात्र करू नका. पाठ केलेल्याचा एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. कागदावर फक्त चार-पाच शब्दांचे मुद्दे ठेवा, मोठ्याने बोला, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकताना लाज वाटते, तरी ऐका. मनात घोळवलेलं उत्तर नेहमी अस्खलित वाटतं. ‘म्हणजे’, ‘बेसिकली’ किती वेळा आलं ते रेकॉर्डिंगच दाखवतं.

पगाराचा आकडा आधी ठरवा: अपेक्षित किती आणि याच्या खाली नाही तो किती. दुसरा मनातच ठेवायचा.

व्हिडिओवर असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा, लॅपटॉपखाली पुस्तकं रचली तरी चालतं. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो, ती समोर घ्या. लिंक आदल्या दिवशीच उघडून बघा. अपडेट नेमकं शेवटच्या मिनिटाला मागितलं जातं. माइकची परवानगीही आदल्या दिवशीच द्या.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ येतंच. ‘नाही’ म्हणू नका. ‘पहिल्या तीन महिन्यांत या माणसाकडून काय व्हायला हवं?’ आणि ‘ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलंय?’ हे दोन विचारा. दुसऱ्याचं उत्तर देताना समोरचा किती घुटमळतो, तेही टिपून ठेवा.