पालथ्या पडणाऱ्या कवड्या

आजीचा कापडी सारीपाट घड्यांवर विरला, तेव्हा तो लेझर कटरवर प्लायवुडमध्ये नव्याने करायचे मी ठरवले. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे अशा संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली तेव्हापासून ही यंत्रे आपल्याकडे गंभीर कामांसाठी ओळखली जातात, त्यामुळे त्यांच्यावर खेळ कापायला बसताना थोडा संकोच वाटला, हे कबूल करतो.

मधला चौकोन, चार पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात आठ-आठ घरांच्या तीन रांगा, अशी ९६ घरांची आखणी यंत्राला सोयीचीच आहे. पट्टे मात्र वेगळे कापून खाचांनी जोडावे लागले, आणि पहिल्या खेपेस खाचा ढिल्या निघाल्या. लेझरचा झोत आपल्या रुंदीइतके लाकूड जाळतो, हे मी आराखड्यात धरलेच नव्हते. मग २० मिलिमीटरचे दहा चौकोन कापून एकाला एक भिडवून मोजले, तर लांबी २०० ऐवजी १९८ भरली. तुकड्यामागे ०.२ मिलिमीटरची भर घालताच सांधे घट्ट बसले. सोळा सोंगट्या थ्रीडी प्रिंटरवर एका रात्रीत झाल्या.

अडले ते कवड्यांपाशी. आजीच्या सहांपैकी दोन हरवल्या होत्या, म्हणून मी सहाही नव्याने छापल्या. आमच्या घरच्या नियमाने सगळ्या पालथ्या पडल्या की पंचवीस आणि एकच उताणी पडली की दहा. हे दान क्वचित पडते म्हणून त्याची किंमत. माझ्या कवड्यांना पंचवीस सारखेच पडू लागले. मुले खूश झाली, आत्या मात्र म्हणाली, "अरे, तू कवड्यांना शिकवून ठेवलं आहेस का?" कारण साधे होते: आतून पोकळ जाळी, पण सपाट तळाचे थर भरीव, त्यामुळे वजन तळाशी साचून तोंडाची बाजू खाली जात होती. पाठीचे कवच जाड करून आणि पोटाला किंचित गोलाई देऊन तिसऱ्या खेपेस दाने ताळ्यावर आली. दान किती वेळा पडावे हे फाइलमधल्या एका आकड्याने बदलता येते, याची मला मजा वाटली आणि थोडी भीतीही.

आता आम्ही आजीच्या चार आणि माझ्या दोन अशा मिसळून खेळतो. पटावर टाकल्या की छापील कोणत्या, हे आत्या न बघता आवाजावरून सांगते.